चांगल्या डोळ्यावर पट्टी

ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या भाचीला, चष्मा लागला. नुसता चष्मा असता तर घरात एवढा गहजब झाला नसता. पण डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा 'लेझी' आहे, आणि रोज काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची. उजवा म्हणजे चांगला डोळा! आमच्या आईला हे काही केल्या पटेना. "अगं, डॉक्टर डावं-उजवं तर विसरले नाहीत ना? ही म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" ताईने पुन्हा फोन करून विचारलं. डॉक्टर विसरले नव्हते. वर म्हणाले, आत्ताच करून घ्या, मोठी झाली की फारसा उपयोग होत नाही.

डेडलाइन म्हटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचे कान टवकारतात. ही कुणी ठरवली? कशावरून? शनिवार-रविवार वाचत बसलो. पट्टी बांधायची युक्ती फार जुनी निघाली. फ्रान्सच्या ब्यूफाँने १७४३ सालीच तिरळ्या मुलांचा चांगला डोळा झाकायला सांगितलं होतं. युक्ती होती, पण ती का चालते हे पुढची दोनेकशे वर्षं कुणालाच धड माहीत नव्हतं. उत्तर सापडलं ते मांजरीच्या पिल्लांत. पण त्याआधी थोडं कोंबडीच्या पिल्लांबद्दल सांगायला हवं.

डग्लस स्पाल्डिंग हा एकोणिसाव्या शतकातला विलक्षण माणूस. सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये घरांच्या छपरांवर स्लेटचे दगड बसवायचं काम करायचा. पुढे बर्ट्रांड रसेलच्या थोरल्या भावाचा शिक्षक झाला, आणि १८७७ साली क्षयाने अकाली गेला. तेव्हा तत्त्वज्ञ मंडळी वाद घालत बसली होती की बघणं उपजत असतं की शिकावं लागतं. स्पाल्डिंग म्हणाला, वाद कशाला, बघूया की! त्याने अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या डोक्यावर, डोळे उघडायच्या आत, छोट्या टोप्या चढवल्या आणि एक ते तीन दिवसांनी काढल्या. जन्मात पहिल्यांदा उजेड बघणारं पिल्लू काही मिनिटांत किड्यावर बरोब्बर चोच मारू लागलं. म्हणजे अंतर, दिशा, सगळं फॅक्टरी सेटिंगमध्येच आलेलं.

इथे थांबला असता तर गोष्ट सोपी होती. पण त्याने काही पिल्लांच्या टोप्या चौथ्या दिवसापर्यंत ठेवल्या. एरवी टोपी काढली की पिल्लू समोर जे हलेल त्याच्या मागे धावायचं, मग ती कोंबडी असो की स्पाल्डिंग. उशिरा टोपी काढलेली पिल्लं मात्र त्याला बघताच घाबरून उलट्या दिशेला पळत सुटली. तोच माणूस, तीच जात, फक्त दोन-तीन दिवसांचा फरक. चोच मारणं जन्मजात, पण 'आई कोण' हे नंतर लिहिलं जातं, आणि ते लिहायची मुदत ठरलेली असते. १८७३ साली त्याने हे एका मासिकात छापलं आणि जग ते विसरून गेलं. १९५४ साली हाल्डेनने तो लेख पुन्हा छापून आणला. (हेच ते जे. बी. एस. हाल्डेन, जे १९५७ साली भारतात आले आणि इथलेच झाले.) तोवर सगळं श्रेय ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झला मिळून गेलं होतं. १९३५ साली त्याने याच प्रकारावर मोठा निबंध लिहिला होता, आणि त्याच्यामागे रांगेने चालणाऱ्या बदकांचे आणि हंसांचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. नोबेलही मिळालं, १९७३ साली. १९३८ साली हा गृहस्थ नाझी पक्षात दाखल झाला होता हे त्या गोंडस फोटोंखाली सहसा छापत नाहीत. असो.

आता मांजरं. डेव्हिड ह्युबेल कॅनडाचा आणि टॉर्स्टन वीझेल स्वीडनचा. १९५८ साली दोघे अमेरिकेत बाल्टिमोरला स्टीफन कुफलरच्या प्रयोगशाळेत एकत्र आले, वर्षभरात सगळं बिऱ्हाड हार्वर्डला हललं, आणि पुढची वीसेक वर्षं दोघांनी मिळून काम केलं. सुरुवातीचा प्रश्न साधा होता. डोळ्यातून आलेल्या माहितीचं मेंदू पुढे करतो काय? भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागात बारीक तार खुपसायची, एकेका पेशीचा विजेचा खडखडाट स्पीकरवर ऐकायचा, आणि मांजरासमोरच्या पडद्यावर ठिपके दाखवायचे. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी ठिपक्यांना दाद देतात हे कुफलरने दाखवलेलं होतं. इथल्या पेशी मात्र ढिम्म! तासन्‌तास ठिपके दाखवून झाले. मग काळा ठिपका असलेली काचेची स्लाइड यंत्रात सरकवताना एकदम स्पीकर मशीनगनसारखा वाजू लागला. ठिपक्यामुळे नव्हे. सरकताना काचेच्या कडेची पुसटशी सावली पडद्यावरून गेली होती, आणि ती पेशी त्या विशिष्ट तिरकेपणाच्या रेषेची वाट बघत होती. शेजारची पेशी दुसऱ्या कोनाची. बहुतेक पेशी दोन्ही डोळ्यांचं कमी-जास्त ऐकणाऱ्या. (१९८० साली जपानच्या फुकुशिमाने याच रचनेवरून संगणकातलं जाळं बनवलं. आज फोन तुमचा चेहरा ओळखतो तो याच घराण्यातला.)

आता इथे खरा प्रश्न येतो. ही जोडणी जन्माला येतानाच झालेली असते, की बघून बघून होते? यामागे एक बोचरी गोष्ट होती. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलाचं ऑपरेशन काही वर्षांनी केलं तर डोळा आरशासारखा स्वच्छ व्हायचा, पण मुलाला नीट दिसायचं नाही. मोठ्या माणसाचा म्हातारपणी झालेला मोतीबिंदू मात्र काढला की लख्ख. हे असं का?

दोघांनी मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडायच्या सुमाराला एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या आणि सुमारे तीन महिन्यांनी उघडल्या. डोळा उत्तम. मग चांगला डोळा झाकून पिल्लाला खोलीत सोडलं, तर ते सामानाला धडकत फिरायला लागलं. टेबलावर ठेवलं तर कडेवरून सरळ हवेत पाऊल टाकायचं आणि खाली ठेवलेल्या उशीवर धप्पकन पडायचं. मेंदूत तार घालून ऐकलं तर जवळपास कुठलीच पेशी त्या डोळ्याचं ऐकत नव्हती. सगळ्या चांगल्या डोळ्याकडे गेलेल्या. मोठ्या मांजराचा डोळा मात्र महिनोन्‌महिने शिवून ठेवला तरी काही फरक पडला नाही. हे १९६३ साली छापून आलं.

माझ्या मते सगळ्यात भारी प्रयोग यानंतरचा, १९६५ चा. त्यांनी विचार केला, एक डोळा बंद ठेवल्याने एवढी नासधूस होते, तर दोन्ही बंद ठेवल्यावर मेंदू पूर्णच बाद व्हायला हवा. तसं झालं नाही! दोन्ही डोळे बंद ठेवलेल्या पिल्लांच्या बऱ्याच पेशी अजून दोन्ही डोळ्यांना दाद देत होत्या. सगळ्या धड नव्हत्या, पण एका डोळ्याच्या प्रयोगावरून वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी बऱ्या. म्हणजे डोळा नुसता वापरला नाही म्हणून गंजला, एवढंच ते प्रकरण नव्हतं. ही भाडेकरूंची मारामारी होती. दोन डोळे मेंदूतल्या त्याच जागेसाठी भांडतात, आणि एकाने हजेरी लावली नाही की दुसरा सगळ्या खोल्यांना आपली कुलपं ठोकतो.

हे वाचल्यावर मी ताबडतोब आईला फोन केला. डॉक्टर डावं-उजवं विसरले नाहीत. आग सोमेश्वरीच लागलीये! लबाडी चांगल्या डोळ्याची आहे, त्याला काही तास घराबाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याला जागा मिळणार नाही. आई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मग त्याला आळशी कशाला म्हणतात? बिचारा तो." मुद्दा बरोबर आहे.

१९७० साली दोघांनी मुदतही मोजली. पिल्लू चौथ्या आठवड्यात शिरलं की धोका सुरू होतो, सहा ते आठ आठवड्यांपर्यंत शिगेला असतो, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला संपतो. ऐन भरात असताना तीन-चार दिवस डोळा बंद ठेवला तरी पुरे. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं, रॉजर स्पेरीबरोबर.

या संशोधनाचा थेट परिणाम माणसांच्या बाळांवर झाला. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन 'जरा मोठं होऊ दे, मग बघू' असं पुढे ढकलायची पद्धत होती. ती बदलली. आता दाट मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोनेक महिन्यांतच काढायचा प्रयत्न होतो. किती मुलांचे डोळे यामुळे वाचले असतील याची गणती नाही. आणि त्यासाठी पापण्या शिवलेली पिल्लंही कमी नव्हती. माझ्या खिडकीत रोज एक मांजर येऊन बसतं, त्यामुळे ती वर्णनं वाचताना मला दोनदा उठून चहा करावा लागला. भाचीच्या पट्टीमागचं शास्त्र त्यातूनच आलंय हेही तितकंच खरं. याचा हिशेब मला नीट जुळवता आलेला नाही.

त्या काळात असे प्रयोग इतरांनीही केले. ब्लेकमोर आणि कूपर यांनी १९७० साली केंब्रिजला पिल्लांना नुसत्या उभ्या किंवा नुसत्या आडव्या पट्ट्यांच्या नळकांड्यात वाढवलं, आणि दुसऱ्या दिशेच्या रेषा त्यांना दिसेनाशा झाल्याचं जाहीर केलं. पाठ्यपुस्तकांनी हा प्रयोग डोक्यावर घेतला. १९७५ साली स्ट्रायकर आणि शेर्क यांनी मेंदूच्या पेशींची तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा मात्र तसा परिणाम त्यांना सापडला नाही. पाठ्यपुस्तकांनी याची फारशी दखल घेतली नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो एक वेगळा प्रयोग, १९६३ चाच. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांचा. त्यांनी जत्रेत असतो तसा छोटा गरगरणारा पाळणा बनवला. मधे खांब, त्यावर आडवी दांडी. दांडीच्या एका टोकाला एक पिल्लू जुंपलेलं, ते आपल्या पायांनी चालायचं. दुसऱ्या टोकाला टोपलीत बसवलेलं त्याचं भावंडं. पहिलं जिकडे जाईल तिकडे दुसरं आपोआप जाणार, तितकंच वळणार. भोवती पट्ट्यापट्ट्यांची गोल भिंत. दोघांना दिसायचं अगदी सारखं, रोज तीन तास. उरलेला सगळा वेळ आई आणि भावंडांबरोबर अंधारात. काही दिवसांनी दोघांची परीक्षा घेतली. काचेची जमीन, तिच्याखाली एका बाजूला लगेच फळी, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा. चालणारी पिल्लं दर वेळी उथळ बाजूनेच उतरली. टोपलीतली कुठूनही उतरायची. डोळे तेच, चित्रं तीच, पण आपल्या पावलामुळे चित्र कसं बदलतं हे त्यांनी कधी अनुभवलंच नव्हतं.

या प्रयोगाचा शेवट बरेच जण सांगायला विसरतात. टोपलीतल्या पिल्लांना नंतर उजेडात मोकळं सोडलं, आणि दोन दिवसांत तीही खड्डा टाळायला लागली. दोन दिवसांत!

म्हणजे एकाच वर्षी, एकाच प्राण्यावर, दोन वेगळी उत्तरं आली. एक म्हणतं मुदत संपली की दार बंद. दुसरं म्हणतं थोडं चालू द्या, जमेल. लोकांच्या लक्षात राहिलं पहिलं. साहजिक आहे, भीती नेहमी जास्त लक्षात राहते. शिवाय पहिल्याला दुजोरा देणाऱ्या माणसांच्या गोष्टीही होत्या. इंग्लंडच्या सिडनी ब्रॅडफोर्डची दृष्टी दहा महिन्यांचा असताना गेली होती. बावन्नाव्या वर्षी बुबुळांवर ऑपरेशन करून डोळे मिळाले. घड्याळ आणि कॅपिटल अक्षरं त्याला लगेच वाचता आली, कारण ती बोटांनी पाठ होती. पण एरवी बघणं त्याला पेललं नाही. अंध असताना धीटपणे रस्ता ओलांडणारा हा माणूस आता रहदारीला घाबरायचा. तो खचत गेला आणि १९६० साली, दोन वर्षांच्या आत, वारला. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे.

अशा हकीकती आणि मांजरांचे आकडे मिळून एक नियम पक्का होत गेला: सहा-आठ वर्षांच्या पुढे मोतीबिंदू काढून उपयोग नाही. श्रीमंत देशांत या नियमाचा त्रास होत नाही, कारण तिथे मूल त्या वयापर्यंत थांबतच नाही. आपल्याकडे गोष्ट वेगळी. खेड्यातलं गरीब घर, दवाखाना लांब, पैसे नाहीत. मूल दहा वर्षांचं होऊन कुणाच्या तरी नजरेस पडतं तेव्हा उत्तर तयार असतं, आता उशीर झाला. लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगणारं शास्त्र या मुलांच्या तोंडावर दार लावायला कामी आलं. ज्यांनी शोध लावला त्यांच्या हे स्वप्नातही नसणार.

२००२ साली दिल्लीत पवन सिन्हांना रस्त्याकडेला मोतीबिंदू झालेली अशी मुलं दिसली. सिन्हा आपल्याच बिरादरीतले, आयआयटी दिल्लीचे कॉम्प्युटर सायन्सवाले, पुढे एमआयटीत प्राध्यापक. मुलांना डोळे द्यायचे, आणि ती बघायला कशी शिकतात ते बघायचं, असं दुहेरी काम त्यांनी सुरू केलं. नाव ठेवलं 'प्रोजेक्ट प्रकाश'. ऑपरेशनं दिल्लीच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये होतात.

त्यांच्या गटाला आधी भेटली एक बत्तीस वर्षांची बाई. तिचा जन्मजात मोतीबिंदू बाराव्या वर्षी, म्हणजे नियमाने फार उशिरा, काढला होता. वीस वर्षांनी तपासलं तर नजर अंधुक होती, पण चेहरे, आकार, वस्तू ती बऱ्यापैकी ओळखत होती. मग एक एकोणतीस वर्षांचा तरुण. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून भिंगच नव्हतं. त्याला फक्त एक जाड चष्मा हवा होता, तो एकोणतिसाव्या वर्षी मिळाला. त्याला चित्रातली गाय एक गाय म्हणून दिसेना, रंगाचे आणि सावलीचे सुटे सुटे तुकडे दिसायचे. चित्र हलवलं की मात्र जे तुकडे एकत्र हलतात ते एका वस्तूचे, हे त्याला लगेच कळायचं. आणि पुढे हळूहळू स्थिर चित्रंही जमायला लागली.

आता एक तीनशे वर्षांचा जुना हिशेब. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ साली जॉन लॉकला विचारलं होतं की जन्मांध माणूस हाताने घन आणि गोल ओळखत असेल, तर दृष्टी मिळाल्यावर नुसतं बघून त्याला ते ओळखता येतील का? दिल्लीत आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांवर, पट्टी काढल्यावर लगेचच, ही परीक्षा घेतली गेली. हाताने चाचपलेला ठोकळा हाताने ओळखणं जवळपास शंभर टक्के. बघितलेला बघून ओळखणं ९२ टक्के. चाचपलेला बघून ओळखणं ५८ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं. मॉलिन्यूचं उत्तर: नाही. पण ज्या मुलांना पुन्हा तपासता आलं ती आठवड्याच्या आत हे शिकली होती, कुणी न शिकवता, नुसती घरात वावरून. दोन दिवसांत शहाणी झालेली टोपलीतली पिल्लं आठवली की नाही?

आठवायलाच हवीत. कारण २०११ साली छापलेल्या या निबंधावर पहिलं नाव आहे रिचर्ड हेल्ड. तोच पाळण्यावाला! तेव्हा त्याचं वय अठ्ठ्याऐंशी होतं. २०१६ साली तो गेला.

मुदती नाहीतच असं यातून निघत नाही. मुलांची नजर कधीच पूर्ण तीक्ष्ण होत नाही. २०१४ साली छापलेल्या पाहणीत आठ ते सतरा या वयात ऑपरेशन झालेल्या अकरा मुलांपैकी पाचांची फिकट-गडद ओळखायची ताकद नंतर वाढली, सहांची नाही. बारीक तपशील बघायचं दार लवकर आणि बऱ्यापैकी घट्ट बंद होतं. वस्तू ओळखणं, डोळ्याची हाताशी गाठ घालणं, ही दारं बराच काळ किलकिली राहतात. एका मुदतीची गोष्ट सगळ्या दारांवर चिकटवली गेली होती. लेझी आयचंही तसंच. २००५ साली अमेरिकेत पाचशेहून जास्त मुलांवर चाचणी झाली. सात ते बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना उपचाराने फायदा झाला, तेराच्या पुढे मात्र झपाट्याने कमी. डॉक्टरांचं 'आत्ताच करून घ्या' बरोबरच आहे, पण ताईने सातवा वाढदिवस फाशीच्या तारखेसारखा कॅलेंडरवर मोजायचं कारण नाही. तिला हे सांगितल्यावर ती दोन दिवस नीट झोपली म्हणे.

एक बदल मात्र मी आग्रहाने करायला लावला. पट्टीच्या वेळात भाची ठेचकाळते म्हणून आई तिला कडेवर घेऊन फिरायची, नाहीतर टीव्हीसमोर बसवून ठेवायची. मी म्हटलं, खाली सोड तिला. पट्टीच्या बाबतीत याला पक्का पुरावा आहे असं नाही, माझ्या डोक्यात ती टोपली बसलीये इतकंच. आई कुरकुरली, पण सोडलं. परवा गेलो तेव्हा पट्टी लावून स्वारी स्वयंपाकघराच्या चौकटीला धडकली, "आई गं" म्हणाली, आणि चौकटीला हात लावून बाजूने निघून गेली.